३.२ क्युसेक: नेवाडातल्या न वसलेल्या शहराभोवती चार दिवस

शुक्रवार, १६ फेब्रुवारी २०२४

“मावशी, तिथे बघण्यासारखं काहीच नाहीये. एक गोल्फचं मैदान आहे फक्त,” गाडी सुरू झाल्यावरही भाचा हेच म्हणत होता. सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी, तिला जोडून त्याने शुक्रवारची रजा काढलेली, आणि मला ग्रँड कॅन्यन दाखवायचा त्याचा बेत. मी कायोटी स्प्रिंग्ज या न वसलेल्या शहराच्या जागेचाच हट्ट धरला. २५ जानेवारीला नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने या जागेखालच्या पाण्याबद्दल निकाल दिला. तो मी संभाजीनगरहून निघण्याआधी दोनदा वाचून काढला होता. भूजल खात्यात माझी तीस वर्षं गेली. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर, वर्षातून चारदा त्याच निरीक्षण विहिरी, तीच टेप. एकाच्या उपशाने दुसऱ्याचा झरा आटतो हे आम्हाला डोळ्यांना दिसायचं, पण कागदावर कुणी मान्य करायचं नाही. इथे ते एका राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकलं होतं. ती जमीन मला बघायची होती.

हेंडरसनहून निघालो, लास व्हेगास मागे टाकलं. हमरस्ता १५ सोडून उत्तरेला ९३ नंबरच्या रस्त्याला लागलो आणि गर्दी एकदम संपली. डावीकडे शीप रेंजचे डोंगर, उजवीकडे ॲरो कॅन्यनची रांग, मधे सपाट दरी आणि क्रिओसोटची गुडघ्याएवढी झुडपं. रस्त्याच्या कडेने वीतभर उंचीची बारीक जाळी सतत दिसत राहते. ती वाळवंटी कासवांसाठी. १९९० पासून मोहावीतलं हे कासव कायद्याने संरक्षित आहे, आणि ते रस्त्यावर येऊन चिरडू नये म्हणून एवढा खटाटोप केलाय. मला ती जाळी फार आवडली. कासवाच्या उंचीची आहे, माणसाच्या नाही.

साधारण नव्वद किलोमीटरवर, जिथे १६८ नंबरचा रस्ता पूर्वेला फुटतो, तिथे समोर अचानक हिरवा रंग आला. इतका हिरवा की डोळ्यांना खुपतो. जॅक निकलॉसने आखलेलं गोल्फचं मैदान, २००८ मध्ये सुरू झालेलं. शहराची पहिली वस्तू म्हणून ते आधी बांधलं. मग घरं येणार होती: क्लार्क आणि लिंकन या दोन काउंट्यांत पसरलेल्या ४३,००० एकरांवर दीड लाखाहून अधिक. दुकानं, शाळा, आणखी गोल्फ मैदानं, सगळं नकाशावर होतं. पुराचं पाणी अडवायचा बांध आणि सांडपाण्याचं केंद्र एवढं झालंही. घर मात्र एकही नाही. रुंद डांबरी रस्ता आत जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मुरुम आणि झुडपं. मी गाडीतून उतरून उभी राहिले. वारा होता, लांबून गवत कापायच्या यंत्राचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

या दरीवर लोकांनी किती बेत आखले ते आठवलं. १९७९ नंतर अमेरिकन हवाई दलाला नेवाडा आणि युटाच्या दऱ्यांत एमएक्स क्षेपणास्त्रं फिरती ठेवायची होती, म्हणून पाणी शोधायला इथे खोल बोअर घेतले गेले. १९८१ मध्ये तो बेत बारगळला, बोअर राहिले. त्यातल्या एकाचं नाव अजूनही एमएक्स-५ आहे आणि पुढच्या सगळ्या भांडणात तोच मुख्य साक्षीदार ठरला. १९८८ मध्ये अमेरिकन संसदेने, म्हणजे काँग्रेसने, खास कायदा करून फ्लोरिडातल्या पाणथळ जमिनीच्या बदल्यात ही जमीन एअरोजेट या रॉकेट बनवणाऱ्या कंपनीला दिली. रॉकेटचा कारखाना झाला नाही. १९९८ मध्ये हार्वी व्हिटमोर या नेवाडातल्या वजनदार वकिलाने ती घेतली आणि शहराचं स्वप्न मांडलं. २००८ च्या मंदीने पहिला तडाखा दिला. पुढे भागीदारांत कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१३ मध्ये व्हिटमोर निवडणूक देणग्यांच्या बेकायदा व्यवहारात दोषी ठरले आणि तुरुंगातही जाऊन आले. त्या प्रकरणाचा पाण्याशी थेट संबंध नाही, म्हणून त्यावर मी इथे थांबत नाही. माणूस बदलला असता तरी खालचा खडक तोच राहिला असता.

रात्री ॲलमो नावाच्या छोट्या गावात मोटेलवर मुक्काम. डब्यातले मेथीचे ठेपले आणि लोणचं काढलं. भाचा घर घ्यायच्या विचारात आहे, व्हेगासच्या किमतींनी हैराण झालेला, त्यामुळे त्याचा प्रश्न सरळ होता. “पण मावशी, शहर बांधणाऱ्यांकडे पाण्याचा परवाना होता ना? काउंटीने नकाशे मंजूर केले, यांनी पैसे ओतले. आता पाण्यावरून घरांना नाही म्हणणं हा अन्याय नाही का? आणि आमच्यासारख्यांनी राहायचं कुठे?”

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. शहर बांधणाऱ्या कंपनीकडे या दरीतल्या ४,६०० एकर-फुटांचे हक्क होते (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील एवढं पाणी) आणि त्यातले ४६० तिने खालच्या झऱ्यांतल्या एका दुर्मिळ माशासाठी सोडूनही दिले होते. वर्षानुवर्षं सरकारी कचेऱ्यांनी त्यांना पुढे जाऊ दिलं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही फसवल्यासारखं वाटलं असतं. पण परवाना म्हणजे पाणी नव्हे. आमची आई म्हणायची तेच, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मग त्याला नेवाडाचा कायदा सांगत बसले. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची त्याखालचं पाणी त्याचं, ही समजूत हाडीमाशी भिनलेली आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजलाचा कायदा केला, तो २०१४ मध्ये लागू झाला, तरी बोअरची गाडी शेतात आली की कुणी कुणाला विचारत नाही. इथे पाणी जनतेचं. वापराचा हक्क तेवढा मिळतो, आणि जो आधी आला त्याचा हक्क आधी. टंचाईत मागून आलेल्याचा उपसा पहिल्यांदा बंद होतो. १९०३ पासून स्टेट इंजिनिअर हा अधिकारी त्याचा हिशोब ठेवतो. त्याच्या वहीत राज्याची २५६ खोरी आहेत आणि प्रत्येकाचं खातं वेगळं. गोम इथेच होती. खात्यात जमा दिसतं म्हणून एकेका खोऱ्यात हक्क वाटत गेले, आणि खाली खडकाला या खातेवहीचा पत्ताच नव्हता.

शनिवार, १७ फेब्रुवारी

सकाळी लवकर पाहरानागटच्या तळ्यांवर गेलो. वाळवंटात एवढं पाणी बघून भाचा गप्प झाला. बदकं होती, वेताच्या बेटातून लाल पंखांचे काळे पक्षी उडत होते. हे पाणी इथल्या पावसाचं नाही. वर हायको, क्रिस्टल, ॲश असे झरे आहेत आणि त्यांचं पाणी त्याहून वरच्या डोंगरांवर पडलेल्या बर्फाचं. थॉमस ईकिन या भूवैज्ञानिकाने १९६६ मध्ये दाखवून दिलं की उत्तरेकडच्या व्हाइट रिव्हरपासून खालच्या मडी रिव्हरच्या उगमापर्यंत १३ दऱ्या चुनखडीच्या एकाच खडकातून जोडलेल्या आहेत. वरून बघितलं तर दऱ्या डोंगरांनी एकमेकींपासून वेगळ्या. पाणी डोंगराखालून चालत असतं, हजारो वर्षं लागली तरी.

माझी सगळी नोकरी काळ्या पाषाणात गेली. बेसॉल्टचं वागणं वेगळं. शेजारच्याच्या बांधाला पाणी लागतं, आपला बोअर धूळ ओकतो. उपशाचा परिणाम गावच्या शिवाराबाहेर क्वचित जातो. चुनखडीत भेगा विरघळून रुंद होत जातात, आणि एका टोकाला ओढ दिली की दुसऱ्या टोकाला ती जाणवते. हे पुस्तकात वाचलं होतं. आज ते बघायचं होतं.

उलट येऊन १६८ च्या रस्त्याने पूर्वेला वळलो, डोंगर ओलांडला आणि खाली मोआपाच्या खोऱ्यात ताडाची झाडं दिसू लागली. मोआपा व्हॅली वन्यजीव आश्रयस्थान अवघं ११६ एकरांचं, १९७९ मध्ये स्थापन झालेलं. थंडीच्या मोसमात शुक्रवार ते रविवार एवढंच उघडं असतं, म्हणून आमचा सगळा कार्यक्रम याच्याभोवती बेतला होता. पूर्वी इथे झऱ्यांवर पोहण्याचे तलाव बांधलेले होते, लोक सहलीला यायचे. क्लोरीनच्या पाण्यात मासा कसा जगणार? ते सगळं काढून ओढे पुन्हा मोकळे वाहू दिले आहेत.

पायवाटेने खाली गेलं की ओढ्याच्या काठाला काच बसवलेली आहे. तिच्यातून पाण्याच्या आतलं दिसतं. मी वाकून पाहिलं. आधी नुसते खडे आणि शेवाळ. मग प्रवाहाला तोंड करून, जागच्या जागी शेपटी हलवत उभे असलेले बोटाएवढे मासे. शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. मोआपा डेस. जगाच्या पाठीवर मडी रिव्हरच्या या वरच्या चार-दोन ओढ्यांशिवाय हा कुठेही नाही. १९६७ पासून संकटग्रस्त यादीत. पाणी ३० ते ३२ अंश सेल्सिअस असलं तरच त्याची वीण होते, आणि एवढं ऊन पाणी फक्त झऱ्याच्या तोंडापाशी असतं. मधे परदेशी तिलापियाने त्याला खाऊन टाकलं, २००८ च्या मोजणीत पाचशेही उरले नव्हते. २०१० मध्ये ताडांना वणवा लागला. वर्षातून दोनदा माणसं तोंडाला नळी लावून ओढ्यात पालथी पडतात आणि मासे मोजतात. आम्ही विहिरी मोजायचो, हे मासे मोजतात. काम तेच.

काचेसमोर मी किती वेळ बसले ते कळलं नाही. भाच्याने मोबाइलवर फोटो काढले, मग तोही शेजारी बसला. “एवढ्याशा माशासाठी शहर थांबलं?” असं तो म्हणेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “मावशी, हे पाणी किती गरम आहे गं?” ओढ्यात हात घालायला मनाई आहे, त्यामुळे सांगता आलं नाही. सकाळच्या गारठ्यात त्यावरून हलकी वाफ मात्र निघत होती.

या झऱ्यांतला सगळ्यात उंचावरचा तो पेडरसन. वर असल्यामुळे खालची पातळी थोडी जरी उतरली तरी पहिला फटका त्यालाच. २००२ मध्ये स्टेट इंजिनिअरने नवे अर्ज रोखून आधी उपसा-चाचणी करायला सांगितली. ती प्रत्यक्ष झाली नोव्हेंबर २०१० ते डिसेंबर २०१२. एमएक्स-५ आणि इतर बोअरमधून कायोटी स्प्रिंग दरीतलं पाणी वर्षाला पाच हजार एकर-फुटांहून थोडं जास्त उपसलं. डोंगराच्या अलीकडे पेडरसनचा प्रवाह उतरायला लागला. शेकडो चौरस मैलांवरच्या निरीक्षण विहिरींची पातळी जवळजवळ एकसारखी खाली गेली, फूट-दीड फूट. वेगवेगळ्या खोऱ्यांत, वेगवेगळ्या खात्यांत, आणि आलेख मात्र एकमेकांवर ठेवले तर एकच रेघ वाटावी असे. उपसा थांबल्यावर ती हळूहळू सावरली, पण पूर्वीइतकी नाही.

तीस वर्षं मी अशा एका आलेखाची वाट बघत होते. आमच्याकडे दोन वर्षं सलग उपसा आणि त्यासोबत सगळीकडे मोजमाप, असा प्रयोग करायला पैसाही नव्हता आणि कुणाची इच्छाही. एकदा एका गावात फळबागेच्या नव्या बोअरनंतर पिण्याची विहीर आटली. मी नोंदी जोडून अहवाल दिला, वर गेला, परत आला नाही. त्या गावातल्या बायका पुढे चार उन्हाळे टँकरमागे धावल्या. पेडरसनच्या पाटीसमोर उभी असताना मला त्या आठवल्या आणि डोळे भरून आले. भाच्याने विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली.

२००६ च्या करारात जलपुरवठा संस्था, कंपनी, मोआपाचे मूळनिवासी पायूट लोक आणि वन्यजीव खातं यांनी मिळून एक आकडा ठरवला: ३.२ क्युसेक. वॉर्म स्प्रिंग्ज वेस्ट या मापकावरचा प्रवाह तिथवर उतरला की सगळ्यांनी एकत्र बसायचं, आणि त्याहून खाली जात राहिला तर उपशाला आवर घालायचा. पैठणहून गोदावरीत हजारो क्युसेक सोडल्याच्या बातम्या वाचणाऱ्या मला हा आकडा पहिल्यांदा छपाईची चूक वाटला होता. ३.२! शेतातल्या पाटासारखा ओढा. एक आख्खी जात त्यावर उभी आहे.

जून २०२० मध्ये स्टेट इंजिनिअरने आदेश क्रमांक १३०९ काढला. सात खोरी एकत्र धरली आणि सगळ्यांनी मिळून वर्षाला ८,००० एकर-फुटांपेक्षा जास्त उपसू नये असं ठरवलं. आपल्या भाषेत ते साधारण एक तृतीयांश टीएमसी. पुण्याचं खडकवासला धरण दोन टीएमसीच्या आसपास आहे, म्हणजे त्याचा सहावा हिस्सा. आणि कागदावर वाटलेले हक्क ३८,००० एकर-फुटांच्या वर! कायोटी स्प्रिंग्जच्या घरांचे नकाशे त्याच्या कचेरीने नामंजूर केले. कंपनी कोर्टात गेली, तिच्यासारखे इतरही गेले. २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने आदेश रद्द केला: खोरी एकत्र करायचा, जमिनीवरचं आणि जमिनीखालचं पाणी एक धरायचा अधिकारच कायद्यात नाही म्हणून. आता सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आहे. पाणी जोडलेलं असेल तर त्याचा कारभारही जोडून करता येतो. आकड्यांना पुरेसा पुरावा आहे का, हे बघायला प्रकरण पुन्हा खाली पाठवलंय, त्यामुळे भांडण मिटलेलं नाही.

दुपारी तीनला फाटक बंद होतं. आम्ही शेवटचे निघालो.

रविवार, १८ फेब्रुवारी

ओव्हरटनला मुक्काम होता. सकाळी लॉस्ट सिटी संग्रहालय. मडी रिव्हरच्या काठाने जुने प्वेब्लो लोक मका, भोपळा पिकवायचे, बाराव्या शतकाच्या सुमारास ते इथून गेले. हूवर धरणाचं पाणी त्यांच्या घरांच्या अवशेषांवर चढणार म्हणून घाईने उत्खनन झालं आणि १९३५ मध्ये हे संग्रहालय उभं राहिलं. दळायचे दगड अगदी आपल्या पाट्यासारखे. तिथे फार थांबलो नाही.

दुपारी सेंट थॉमस. १८६५ मध्ये मॉर्मन पंथाच्या लोकांनी वसवलेलं गाव. मोजणीत ते युटाऐवजी नेवाडात निघालं, राज्याने मागचा कर मागितला, तेव्हा १८७१ मध्ये बहुतेक सगळे घरंदारं सोडून गेले. पुढे पुन्हा वस्ती झाली आणि १९३८ मध्ये हूवर धरणाच्या मीड सरोवराने ती गिळली. सरोवर आटत गेलं तसं गाव परत वर आलं. झाऊच्या काटक्यांतून वाट जाते. घरांचे पाये, शाळेच्या पायऱ्या, एक उंच उभी भिंत. पायाखाली पांढऱ्या शिंपल्यांचा चुरा. मी मात्र हौद बघत फिरले. घरापुढे जमिनीत बांधलेले, सिमेंटचा गिलावा केलेले हौद. नदीचं पाणी पाटाने आणून त्यात भरून ठेवायचे. आत वाकून पाहिलं, वाळू आणि एक सरडा.

१९२० मध्ये कोर्टाच्या हुकूमनाम्याने मडी रिव्हरचं सगळं पाणी वाटून टाकलं. या खालच्या शेतकऱ्यांचे हक्क जुने, म्हणून पहिले. कायोटी स्प्रिंग्जच्या बोअरचे हक्क त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी आलेले. वर उपसा झाला की झरा उतरतो, झरा उतरला की नदी उतरते, म्हणजे मागून आलेला माणूस आधी आलेल्याच्या ताटातलं उचलतो. लोक म्हणतात मासा विरुद्ध माणूस. मासा फक्त सगळ्यांच्या आधी बोलला. त्याच्या मागे या खोऱ्यातले शेतकरी, मोआपाचे लोक, नळावर अवलंबून असलेली गावं, सगळी उभी आहेत. भाच्याला हे मी परतीच्या वाटेवर सांगितलं. तो म्हणाला, “मग परवाने आधी वाटले कशाला?” याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही नव्हतं.

सोमवार, १९ फेब्रुवारी

आज शिवजयंती. पहाटेपासून फोनवर गावाकडचे मिरवणुकीचे व्हिडिओ येत होते.

परतताना व्हॅली ऑफ फायरमधून आलो. लाल दगड सुरेख आहेत, त्यांचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. हमरस्त्यावर मोआपा पायूट लोकांच्या दुकानात चहासाठी थांबलो. १८७३ मध्ये या लोकांना ३,९०० चौरस मैलांचा प्रदेश राखून दिला होता, १८७५ मध्ये तो १,००० एकरांवर आणला. १९८० मध्ये ७०,००० एकर परत मिळाले. पाण्याच्या या वादात तेही एक पक्षकार आहेत. त्यांच्या जमिनीशेजारचं कोळशाचं वीजकेंद्र २०१७ मध्ये बंद झालं, त्याच वर्षी त्यांच्या जमिनीवर २५० मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. दुकानाच्या पलीकडे उत्तरेला ॲरो कॅन्यनची रांग निळसर दिसत होती. तिच्यामागे ते हिरवं मैदान, अलीकडे ते झरे.

घरी पोचल्यावर भाच्याने लॅपटॉप उघडला. अमेरिकन भूसर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर वॉर्म स्प्रिंग्ज वेस्टच्या मापकाचा प्रवाह बघता येतो, कुणालाही, फुकट. आम्ही ३.२ वर बोट ठेवून आलेख मागे मागे नेत २०१२ पर्यंत गेलो, तिथली घसरण बघितली, पुन्हा आजवर आलो. मग त्याने ते पान माझ्या फोनवर लावून दिलं. संभाजीनगरला मी सकाळी सातला चहा घेते. मोआपात तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात.